बाळाची वाट पाहणारी पाच जोडपी, एवढे मोठे कलाकार, तरी चित्रपट कोरडा का वाटतो?

इंदूरची_फराळवाली

नमस्कार मंडळी. सातवा महिना चालू आहे. डॉक्टरांनी जास्त वेळ उभं राहू नका म्हणून बजावलंय, त्यामुळे फराळाच्या ऑर्डरी सध्या जाऊबाई सांभाळतात आणि मी दुपारी पाय वर घेऊन चित्रपट बघते. नणंदेनं सुचवलं म्हणून ‘व्हॉट टू एक्स्पेक्ट व्हेन यू आर एक्स्पेक्टिंग’ लावला. २०१२ चा आहे. कॅमेरॉन डायझ, जेनिफर लोपेझ, एलिझाबेथ बँक्स, अ‍ॅना केन्ड्रिक, डेनिस क्वेड, ख्रिस रॉक. एवढी नावं बघून मी सासूबाईंनाही बोलावलं. त्या मटार सोलायला घेऊन बसल्या आणि नणंद त्यांना संवाद मराठीत सांगत होती.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. अटलांटा शहर, पाच जोडपी. टीव्हीवर वजन कमी करायचा कार्यक्रम चालवणारी एक बाई आणि नाचाच्या स्पर्धेतला तिचा जोडीदार. बाळ-बाळंतिणीच्या वस्तूंचं दुकान असलेली दुसरी, तिचा नवरा दातांचा डॉक्टर. त्या नवऱ्याचे वडील, एके काळी कार शर्यतीत नाव कमावलेले, आणि त्यांची मुलापेक्षाही लहान असलेली नवी बायको. तिला जुळं होणार. मूल दत्तक घ्यायला निघालेली फोटोग्राफर आणि मनाची तयारी न झालेला तिचा नवरा. आणि फूड ट्रकवर स्वयंपाक करणारी एक तरुण मुलगी, जिची शेजारच्या ट्रकवाल्याशी स्पर्धाही आहे आणि जुनी ओळखही.

मला सगळ्यात जवळची वाटायला हवी होती ती ही शेवटची मुलगी. मी सराफ्याच्या मागच्या गल्लीत वाढले. संध्याकाळी सोन्याचांदीची दुकानं बंद झाली की त्यांच्याच ओट्यांपुढे खाण्याचे ठेले लागतात ते मध्यरात्र उलटेपर्यंत. समोरासमोरच्या दोन ठेल्यांतली चढाओढ काय असते ते लहानपणापासून बघितलंय. थंडीत गराडू नावाचे कंद निघतात. फोडी आधी हलक्या तळून ठेवायच्या, गिऱ्हाईक उभं राहिलं की दुसऱ्यांदा कडक तळायच्या, वरून जिरावण मसाला आणि लिंबू. समोरचा ठेलेवाला मान वरही करत नाही, नुसत्या चरचरण्यावरून सांगतो की आज त्याचं तेल तापलेलं नाही. दोन स्वयंपाकी एकमेकांना ओळखतात ते असे. या चित्रपटात दोघांची तोंडातोंडी आहे, रात्रीची भेट आहे, पण त्यांच्या हातचा पदार्थ कुठाय? कोण कशात तरबेज आहे, हे चित्रपट संपल्यावरही मला सांगता येत नाही.

आणि पुढचं तर मनाला फारच लागलं. मला तिसऱ्या महिन्यात हिंगाची फोडणी सहन होत नव्हती. चकलीची कढई ठेवली की मी गच्चीवर जायचे, काम मात्र थांबवता येत नव्हतं, दिवाळीच्या ऑर्डरी होत्या. ही मुलगी ट्रकच्या एवढ्याशा जागेत तळण-भाजणाच्या धुरात उभी असणार. तिला वास सहन होतो का, गिऱ्हाइकासमोर मळमळ आवरते कशी, बरोबरच्या पोरांना कधी सांगते, हे मला बघायचं होतं. दिवस राहिल्याची बातमी आणि गर्भ गेल्याची बातमी यांच्या मधे तिचं असं मला फार काही दिसलंच नाही.

गर्भ जातो तो प्रसंग आला तेव्हा सासूबाईंचे हात थांबले. त्यांनी नणंदेला विचारलं, “आता हिला घरी कोण नेणार? हिची आई कुठाय?” नणंद काय सांगणार, चित्रपटालाच ते सांगायचं नव्हतं. थोड्या वेळानं पुन्हा हसवायचे प्रसंग सुरू झाले. सासूबाई मटारची परात घेऊन आत गेल्या आणि परत बसायला आल्या नाहीत.

एक गोष्ट मनापासून आवडली तीही सांगते. दुकानवाली, म्हणजे एलिझाबेथ बँक्स. गरोदरपण किती सुंदर असतं यावर ती लोकांना सांगत आलेली असते, आणि स्वतःला दिवस राहिल्यावर अंगावर सूज, घाम, रडू, लघवीला धावणं. एका मोठ्या कार्यक्रमात मंचावर बोलायला उभी राहते आणि खरं काय ते भडाभडा बोलून टाकते. तिथं मी टाळ्या वाजवल्या. माझ्या पावलांना चप्पल होत नाही सध्या, त्यामुळे तो प्रसंग माझाच होता.

तर प्रश्न दोन. एक, इतकी चांगली माणसं घेऊन असं का झालं? अनेक जोडप्यांच्या चित्रपटाचं हे होतंच, की याचंच बिघडलं? आणि दुसरा घरगुती. डोहाळजेवणाच्या संध्याकाळी आमच्या मंडळाच्या बायका जमणार आहेत, ओटी भरून झाल्यावर एखादा चित्रपट लावायचा विचार आहे. तीन पिढ्या असतील. काय लावू?

---

तिसरी_घंटा

ताई, आधी अभिनंदन, तब्येतीला जपा.

मी इथंच इंदुरात हौशी रंगभूमीवर पडद्यामागं काम करतो, प्रकाशयोजना आणि प्रॉम्प्टिंग. त्यामुळे बघताना माझं लक्ष घड्याळाकडे जातं. हा चित्रपट साधारण ११० मिनिटांचा. पाच जोडप्यांत वाटला तर प्रत्येकी बावीस. त्यातून ख्रिस रॉकची बापमंडळी बागेत फिरतात ती मिनिटं काढा, सुरुवातीचा नाच काढा, शेवटची पळापळ काढा. एका जोडप्याला एकांकिकेच्या निम्मासुद्धा वेळ मिळत नाही. तेवढ्यात भेट, बातमी, भांडण, समेट आणि बाळंतपण बसवायचं म्हणजे प्रत्येक प्रसंग कळीच्या वाक्यावरच सुरू होतो आणि तिथंच तुटतो. तुम्हाला हवी असलेली कढई, तेल, मळमळ, हे सगळं कळीच्या वाक्यांच्या मधल्या रिकाम्या वेळात घडतं. तोच वेळ इथं कापलेला आहे.

दुसरं कारण मुळाशीच आहे. हा चित्रपट ज्या पुस्तकावरून घेतलाय ते कादंबरी नाहीच. हायडी मरकॉफ यांचं १९८४ सालचं, गरोदर बाईला महिनेवारीनं काय होतं ते प्रश्नोत्तरांतून सांगणारं मार्गदर्शक पुस्तक आहे ते. अमेरिकेत घराघरांत गेलेलं. त्यात पात्रं नाहीत, गोष्ट नाही. निर्मात्यांनी घेतलं ते गाजलेलं नाव, आणि विषयांची यादी. मग एकेका जोडप्याला एकेक विषय: एकीला त्रास, दुसरीला अजिबात त्रास नाही, तिसरीला दत्तक, चौथीला गर्भपात, पाचवीचं नवऱ्याशी मुलाच्या सुंतेवरून भांडण. माणसं त्या विषयांसाठी नेमल्यासारखी वाटतात. सुंतेचंच बघा, दोघं चित्रपटभर त्यावर वाद घालतात आणि होते मुलगी. दोघांत नेमकं काय खटकत होतं ते तिथंच विसरलं जातं.

तिसरं म्हणजे तो काळ. गॅरी मार्शल यांचे ‘व्हॅलेंटाइन्स डे’ २०१० ला आणि ‘न्यू इयर्स ईव्ह’ २०११ ला आले. पोस्टरवर दहाबारा ओळखीचे चेहरे, प्रत्येकाचं थोडं थोडं. तो साचा तयार होता. पण त्या दोन्हींत निदान एकच दिवस होता, सगळ्यांना रात्रीपर्यंत कुठंतरी पोचायचं होतं. गरोदरपण नऊ महिन्यांचं असतं. ते एका दिवसाच्या साच्यात बसवलं की वाट पाहणंच नाहीसं होतं, आणि वाट पाहणं हाच तर विषय होता.

जोडप्यांना एकमेकांशी बांधणारे धागे आहेत, नाही असं नाही. दातांचा डॉक्टर पूर्वी त्या टीव्हीवाल्या बाईच्याच कार्यक्रमात वजन उतरवायला गेलेला असतो. पण तो धागा ओढला तर दुसरीकडे काही हलत नाही. नाटकात आम्ही पाच जोडपी आणली तर त्यांना एका दिवाणखान्यात कोंडतो, एकाच्या बोलण्यानं दुसऱ्याचा चेहरा पडला पाहिजे. इथं ट्रकवाल्या मुलीच्या दुःखाची बाकी चौघींना झळसुद्धा लागत नाही. दिग्दर्शक कर्क जोन्स यांचा ‘वेकिंग नेड’ मी पाहिलाय, १९९८ चा, आख्खं खेडं एका लॉटरीच्या तिकिटाभोवती. गर्दी सांभाळणं त्यांना येत होतं. म्हणून जास्त वाईट वाटतं.

चित्रपटाचं सुचवतो. ‘बधाई हो’ लावा, २०१८ चा. तिथंही मोठा मुलगा घरात असताना पालकांनाच दिवस जातात, म्हणजे तुमच्या त्या रेसवाल्या वडिलांसारखीच परिस्थिती. पण त्या एका बातमीनं आजी, थोरला मुलगा, धाकटा, शेजारी, मुलाचं ठरत आलेलं लग्न, सगळं हलतं. सुरेखा सिक्रींना त्यातल्या आजीसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तीन पिढ्यांच्या बायका बसणार असतील तर आजीचे संवाद सुरू झाले की बघा.

---

रात्रपाळी_सिस्टर

मी प्रसूती विभागात काम करते, म्हणून मला चित्रपटातल्या बाळंतपणांबद्दल बोलायचंय.

शेवटी तिघी एकाच वेळी दवाखान्यात पोचतात. आरडाओरडा, नवऱ्यांची तारांबळ, हे हसायला ठीक आहे. पण दुकानवालीचं सिझेरियन होतं आणि नंतर तिला जास्त रक्तस्राव होतो, तिथं मी सावरून बसले. जगभर बाळंतिणी दगावण्याचं सगळ्यात मोठं कारण तेच आहे. नेहमीच्या बाळंतपणात ५०० मिलिलिटरच्या वर आणि सिझेरियनमध्ये १००० च्या वर रक्त गेलं की आम्ही धावतो. चित्रपटात नवरा बाहेर घाबरलेला दिसतो आणि मग ती बरी झालेली दिसते. मधे काय झालं?

मधे आम्ही असतो. बाळ झाल्यावर एक हात बाळंतिणीच्या पोटावर, बेंबीच्या खाली. गर्भाशय आकसून क्रिकेटच्या चेंडूसारखं टणक लागलं की जीव भांड्यात पडतो. मऊ लागलं तर चोळायला लागायचं, गर्भाशय आकसवणारं ऑक्सिटोसिन चालू, दुसरी शीर शोधायची, रक्तपेढीला फोन, कपडा किती भिजला ते बघायचं. आणि हे सगळं करताना तिच्याशी बोलत राहायचं, बाळ कसं आहे ते सांगायचं, कारण तिचं सगळं लक्ष तिकडेच असतं. ही पंधरावीस मिनिटं कुणी नीट दाखवली तर प्रेक्षक श्वास रोखून बघतील, आणि बाळ हातात येण्याचा आनंदही मग खरा वाटेल. या चित्रपटाला संकट हवं होतं, पण ते बघायचं नव्हतं.

गर्भपाताबद्दल तुमच्या सासूबाईंनी विचारलेला प्रश्न मी आमच्या वॉर्डात रोज ऐकते. दिवस राहिल्याचं कळल्यानंतर साधारण दहातल्या एकीचा, कधी त्याहूनही जास्त जणींचा गर्भ टिकत नाही. बहुतेकदा पहिल्या तीन महिन्यांत, आणि बऱ्याचदा गर्भाच्या गुणसूत्रांतच दोष असतो. बाईनं काय खाल्लं, काय उचललं, याच्याशी त्याचा संबंध नसतो. तरी प्रत्येकीचा पहिला प्रश्न असतो, “माझं काय चुकलं?” ट्रकवाल्या मुलीला हे विचारायला, आणि कुणीतरी तिला उत्तर द्यायला, दोन मिनिटं द्यायला हवी होती. कोट्यवधी लोकांपर्यंत जाणारा चित्रपट होता तो.

आणि इथं वाचणाऱ्या नोकरदार मुलींसाठी: मातृत्व लाभाच्या कायद्यात गर्भपातानंतर सहा आठवड्यांच्या पगारी रजेची तरतूद आहे. बाळंतपणाच्या २६ आठवड्यांची माहिती सगळ्यांना असते, हिची नसते. डॉक्टरांचा दाखला मागून घ्या.

फराळवाली ताई, पाय सुजलेत म्हणालात. दोन्ही पावलं संध्याकाळपर्यंत सुजणं नेहमीचं आहे. पण चेहरा किंवा हात एकदम सुजले, डोकं फार दुखलं, डोळ्यांपुढे अंधारी आली तर दुसऱ्या दिवसाची वाट न बघता दवाखाना गाठा आणि रक्तदाब तपासा.

---

बडोद्याची_आई

मला हा चित्रपट तुम्हा सगळ्यांपेक्षा थोडा जास्त आवडला, आणि ते लोपेझच्या जोडप्यामुळे. आमची मुलगी दत्तक आहे. नवऱ्याची तयारी नसणं, बायकोनं पुढे पळणं, दोघांनी एकमेकांना ते स्पष्ट न सांगणं, हे आमच्या दांडिया बाजारातल्या घरात जसंच्या तसं झालंय. इतरांची पोटं दिसतात, तिचं काही दिसत नाही, आणि लोकांनी काय विचारायचं हेही लोकांना कळत नाही. ते तिच्या चेहऱ्यावर मला दिसलं.

खोटा वाटला तो वेग. फोन येतो, विमान, इथिओपिया, बाळ हातात. (त्या देशानं जानेवारी २०१८ मध्ये परदेशी लोकांना मूल दत्तक देणं बंद केलं, म्हणजे आज ती गोष्ट तशी घडूही शकत नाही.) आपल्याकडे सगळं कारा या केंद्रीय यंत्रणेच्या पोर्टलवरून होतं. नोंदणी, कागदपत्रं, मग समाजसेविका घरी येऊन गृह अध्ययन अहवाल करते. आमच्याकडे आलेल्या बाईंनी सासऱ्यांना वेगळं बसवून विचारलं होतं, “उद्या नातवंडाचा रंग तुमच्यापेक्षा वेगळा असला तर?” सासरे बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “माझ्या आईचा होता.” मला अजून तो प्रसंग आठवतो. त्यानंतर वर्षावर वर्षं यादीतला क्रमांक बघत बसायचं. आणि एक दिवस फोटो आणि वैद्यकीय अहवाल येतो, होय की नाही ते ४८ तासांत कळवायचं. आधी वर्षं आणि मग ४८ तास! पूर्वी न्यायालयाचा आदेश लागायचा, २०२२ च्या सप्टेंबरपासून तो जिल्हाधिकारी देतात.

इतकं सगळं या एका जोडप्यात भरलेलं असताना त्यांना चित्रपटाचा पाचवा हिस्सा दिला. तिसरी_घंटा यांचं गणित मला पटलं. बाकी चौघांना काढून हे एकच जोडपं ठेवलं असतं तर लोपेझनं ते पेललं असतं, असं मी खात्रीनं म्हणते.

तीन पिढ्यांसाठी ‘मला आई व्हायचंय’ चांगला आहे, २०११ चा, समृद्धी पोरे यांचा. ‘मिमी’ त्यावरूनच केला. पण डोहाळजेवणाला नको, रडू येतं.

---

मेघदूत_बागेतला_बाबा

बापमंडळींबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो. ख्रिस रॉक आणि त्याचे मित्र पोरांना छातीशी बांधून बागेत फिरतात, एकमेकांच्या चुकांवर बोट ठेवायचं नाही असा त्यांचा नियम. ते मला फार आवडलं. मी मुलीला असंच बांधून सकाळी बागेत नेतो, तिथं आजोबा भरपूर असतात, बाप जवळजवळ नसतात. असा एक कट्टा इंदुरात असता तर मी रोज गेलो असतो.

पण तिथंही चित्रपट घाबरला. पोर पडतं, आपटतं, बापाचं लक्ष नाही, आणि त्यावर हसायचं. बापाला बाळ सांभाळता येतच नाही हे गृहीत धरलंय. मी मुलीला अंघोळ घालतो, तेल लावतो, ढेकर काढतो, रात्री दोन वाजता मीच उठतो. बागेत उभ्या उभ्या त्यांच्यातला एकजण जरी म्हणाला असता की मला रात्री भीती वाटते, तर मी बाकीचं सगळं माफ केलं असतं.

---

इंदूरची_फराळवाली

सगळ्यांचे मनापासून आभार. तिसरी_घंटा दादा, ‘वाट पाहणं नाहीसं होतं’ हे तुम्ही लिहिलंत आणि मला माझ्याच तक्रारीचा अर्थ लागला. मी पाच जणींच्या गोष्टी पाहिल्या, पण एकीबरोबरही नऊ महिने काढल्यासारखं वाटलं नाही. बडोद्याच्या ताई, सासऱ्यांचं उत्तर मी घरात सगळ्यांना सांगितलं.

सिस्टर, तुमचं लिहिलेलं सासूबाईंना वाचून दाखवलं. गुणसूत्रांचा भाग त्यांनी दोनदा वाचायला लावला. मग म्हणाल्या की सातव्या महिन्यात हिला कढईपुढे उभी करायची नाही हे जाऊबाईंना पुन्हा एकदा सांग, आणि संध्याकाळी स्वतः रक्तदाब बघायला घेऊन गेल्या. ठीक आहे रक्तदाब.

डोहाळजेवणाला ‘बधाई हो’ ठरला. नणंदेचं म्हणणं ‘मुंबई पुणे मुंबई ३’ लावा, त्यात मुक्ता बर्वे आणि स्वप्नील जोशी या एकाच जोडप्याचं आई-बाबा होणं आहे, म्हणजे मला हवं तेच. तो आम्ही दोघी आधी घरी बघणार. आमच्या ह्यांनाही बसवणार आहे, बागेतल्या दादांचं लिहिलेलं वाचायला दिलंय. ते विचारतायत की सकाळी किती वाजता असता मेघदूतला?